येलहंक्याचं सरकतं घर

जयसिंगराव मोहित्यांच्या घरी दुसऱ्यांदा जाणारा माणूस हमखास गोंधळायचा. मागच्या खेपेला जिथं बसून कॉफी प्यायली, तिथं आता कुणाचा तरी पलंग. ज्या दारातून आतल्या खोलीत गेलो ते दार नाहीसं झालेलं आणि त्या जागी भिंत. पाहुणा पिशवी सावरत उंबऱ्यात उभा, आणि आतून जयसिंगरावांचा आवाज यायचा, "इकडून, इकडून या! मागच्या महिन्यात स्वल्प बदल केला." हा स्वल्प बदल म्हणजे अख्खा दिवाणखाना पूर्वेकडून पश्चिमेला नेलेला असे.

घर शहराच्या एका टोकाला, येलहंक्यात, तीस बाय चाळीस फुटांच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, त्र्याहत्तर साली बांधलेलं. जयसिंगराव एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंगं काढली, पण स्वतःच्या मनातलं एकच ड्रॉइंग काढलं, ते या घराचं. बाहेरच्या चार भिंती पक्क्या, स्लॅबचा भार घ्यायला मध्ये दोन खांब, आणि आत विटेची एकही भिंत नाही. होत्या त्या तीन-तीन फूट रुंदीच्या लाकडी चौकटी, दोन्ही बाजूंनी प्लायवूड आणि मध्ये काथ्या भरलेला. लाल ऑक्साइडच्या जमिनीत खाचा होत्या, वर छतालाही तशाच पट्ट्या. चौकट खाचेत उभी करायची, खालून पाचर ठोकायची, झाली भिंत. पाचर काढली की भिंत उचलून दुसरीकडे. कोणती चौकट कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीच्या कडेला खिळ्यानं कोरलेला आकडा होता. एकूण बावीस चौकटी होत्या आणि बावीसही त्यांना चेहऱ्यानं ओळखू येत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लहानपणी, कॉटनपेटेतल्या दोन खोल्यांच्या घरात. वडील आणि चुलते यांचं एका संक्रांतीला कशावरून तरी बिनसलं आणि दुसऱ्या दिवशी मधोमध विटेची भिंत उभी राहिली. बारा वर्षांचा जयसिंग चुलतभावाशी खेळायला गेला तर समोर ओलं सिमेंट. दोन वर्षांनी भावाभावांचं भांडण मिटलं, दोघं एका पंक्तीला जेवू लागले, पण भिंत आधी कोणी पाडायची यावर गाडं अडलं ते कायमचं. त्या पोरानं तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या घरात माणसांना हलावं लागणार नाही, भिंती हलतील.

आणि त्या हलल्याही. त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी तीन चौकटी उचलून तिची खाट अशी लावली की पडल्या पडल्या तिला रस्त्यावरची माणसं दिसावीत. मुलगा रणजीत दहावीला बसला तेव्हा त्याला एक छोटी खोली करून दिली, खिडकीसकट. पुढचा अर्धा भाग तोडून हवाई दलातल्या बिऱ्हाडांना भाड्यानं देत. ती माणसं दोन-तीन वर्षांनी बदलीवर जायची. नवीन बिऱ्हाडात माणसं जास्त असली की जयसिंगराव आपल्या बाजूचा चार फुटांचा पट्टा त्यांना सरकवून द्यायचे. घरमालक स्वतःहून जागा देतो हे त्या बिचाऱ्यांना खरं वाटत नसे.

त्यांच्या पत्नी कृष्णाबाई या सगळ्याकडे पाहून कपाळाला हात लावत. "ह्यांना बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही," त्या शेजारणींना सांगत. "मी म्हटलं, मला कंटाळा आलाय. तर ह्यांनी स्वयंपाकघरात खिडकी काढून दिली. अहो, मला गप्पा मारायच्या होत्या!" शेजारणी हसत. जयसिंगरावही हसत, आणि मनातल्या मनात म्हणत, पण खिडकी चांगलीच झाली की.

ब्याण्णव साली कृष्णाबाई गेल्या. शेवटचे सहा महिने त्यांना चालवत नव्हतं, तेव्हा जयसिंगरावांनी न्हाणीघराला लागून त्यांच्यासाठी खोली केली होती. त्या गेल्यावर ती खोली मोडायचा जयसिंगरावांना धीर होईना. भिंतीवर हात ठेवून ते उभे राहायचे आणि परत फिरायचे. वर्षभरानं निवृत्त झाले. घरात ते आणि रणजीत. रणजीत नोकरीला इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. सकाळी सहाला निघायचा, दोन बस बदलायचा, परत यायला आठ वाजायचे.

चौऱ्याण्णवला रणजीतचं लग्न झालं. हर्षिता पुण्याची, त्याच्याच कंपनीत प्रोग्रॅमर. मुलगी मोकळी, बोलकी. सासऱ्याला 'मामा' म्हणायची आणि इंग्रजी शब्द पेरत भराभर बोलायची. तीन महिने दोघांनी येलहंक्याहून ये-जा केली. मग एका रविवारी रणजीत म्हणाला, "अप्पा, दिवसाचे पाच तास बसमध्ये जातात. ऑफिसजवळ एक फ्लॅट भाड्यानं मिळतोय. तात्पुरतं बघू."

"सरी," जयसिंगराव म्हणाले. कानडीतलं 'बरं'. त्यांना पटलं. पाच तास म्हणजे पाच तास. पण 'तात्पुरतं' हा शब्द त्यांनी जपून ठेवला. ड्रॉइंगमध्ये तात्पुरती रेघ पेन्सिलीची असते, शाईची नव्हे. ती केव्हाही खोडता येते. रस्ते सुधारतील, बस वाढतील, पोरगा बदली मागेल, काहीही होईल. आपलं काम एवढंच की ती दोघं परत येतील तेव्हा घर तयार पाहिजे. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. पोरं परत आली पाहिजेत.

आता माणूस म्हणेल, मग सरळ म्हणावं ना, बाबांनो परत या. पण जयसिंगरावांची जीभ तिथं रेटेना. घर मुलाचंच, त्याला त्याच्याच घरी ये म्हणून काय सांगायचं? शिवाय सांगितलं आणि तो नको म्हणाला तर? त्यापेक्षा त्यांनी आपल्या धंद्याची रीत धरली. कारखान्यात एखादा भाग बसत नसेल तर फिटर येऊन सांगायचा, इथं घासतंय, इथं कमी पडतंय. ड्राफ्ट्समन ड्रॉइंग सुधारायचा. भाग बसायचा. म्हणून मुलगा-सून भेटायला आली की ते सहज म्हणून विचारत, "काय, घरात काही अडचण वाटते का?"

पहिल्या दिवाळीला हर्षिता म्हणाली, "तसं काही नाही मामा. फक्त किचनमध्ये दोघांना एकदम उभं राहता येत नाही, दॅट्स ऑल."

जयसिंगरावांनी ते कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुंडू सुताराला बोलावणं गेलं. गुंडू बेळगावकडचा, वीस वर्षं त्यांचा हात धरलेला. त्याच्या रंध्याचा आवाज त्या गल्लीत इतका नेमाचा झाला होता की शेजारी विचारत, आता काय नवीन? पंधरा दिवसांत स्वयंपाकघर साडेतीन फुटांनी रुंद झालं. त्यासाठी जागा लागली ती पुढच्या बिऱ्हाडाच्या बाजूनं घेतली.

संक्रांतीला दोघं आली. "मामा, हे तर भारीच झालं!" हर्षिता म्हणाली आणि मनापासून म्हणाली. जेवण झालं, चार वाजता दोघं स्कूटरवरून निघून गेली. निघताना रणजीत बोलला, "अप्पा, मला हल्ली घरीही काम असतं. कंप्युटरला जागा लागते, आणि शांतता." पुढच्या खेपेपर्यंत दुहेरी चौकटींची खोली तयार. आत उभं राहिलं तर डोक्यावरून जाणारं विमानसुद्धा लांबचं वाटे. त्यानंतर निघालं की हर्षिताची आई राहायला येते, तिला वेगळं न्हाणीघर लागतं. ते झालं. मग सुनेला जायला-यायला वेगळं दार हवं, म्हणजे तिला सासऱ्याच्या समोरून जायला नको, हे तर कुणी बोललंही नव्हतं. ते जयसिंगरावांनी स्वतःच ओळखलं आणि करून टाकलं.

या सगळ्याला जागा हवी होती. पंच्याण्णवच्या अखेरीला त्यांनी पुढच्या बिऱ्हाडाला घर सोडायला सांगितलं. केरळची माणसं होती. नवरा हवाई दलात मेकॅनिक, बायको शाळेत शिकवायची, तिची दोन मुलं दिवसभर जयसिंगरावांच्या खाचांमधून गोट्या खेळायची. लाल जमिनीतली ती सरळ खाच त्यांना आयतीच मिळाली होती. कधी गोटी घरंगळत जयसिंगरावांच्या बाजूला यायची आणि चौकटीखालच्या फटीतून एक इवलासा हात आत यायचा. ते ती गोटी त्या हातावर ठेवायचे. बाई जाताना रडली, म्हणाली, सर, आमचं काही चुकलं का? त्यांनी सांगितलं, नाही, माझा मुलगा परत येतोय. सांगताना त्यांना अभिमान वाटला होता.

मला विचाराल तर या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती. जे राहत होते त्यांना काढलं, जे येणार नव्हते त्यांच्यासाठी.

त्यानंतर घर अगदी गप्प झालं. मुलांचा भाग म्हणून जो केला होता त्यात जयसिंगराव बसत नसत. रोज सकाळी तिथं केर काढायचे, खिडक्या उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. ते स्वतः देवाच्या भिंतीला लागून सात फुटांच्या पट्ट्यात राहात. बाहेरच्या चार भिंतींतली ती एकच दगडी होती, तिच्या कोनाड्यात तुळजाभवानीचा टाक. खाट, टेबल, एक खुर्ची, पाण्याचा माठ. दूधवाल्याशी दोन वाक्यं, पेपरवाल्याशी एक. दुपारी टेबलावर कागद पसरून एकास पन्नास या प्रमाणात घराचा नकाशा नव्यानं काढत बसत. काढता काढता स्वतःशीच मोठ्यानं बोलत, "इथं पाळणा," आणि आपलाच आवाज ऐकून दचकत.

शहाण्णवला चंदना झाली, त्यांची नात. पाळण्यासाठी खरंच जागा केली. पोरगी सहा महिन्यांची असताना आणली, तिला सर्दी झाली. हर्षिता म्हणाली, मागच्या खोलीत ओल असेल. जयसिंगरावांनी त्या खोलीची जमीन खणून सहा इंच उचलली. उचललेल्या जमिनीत नव्यानं खाचा पाडायला गुंडूला आठवडा लागला.

त्या आठवड्यात एका दुपारी गुंडू रंधा खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, एक सांगू काय? रागावू नका."

"बोल की."

"तुम्ही त्यानला एकदा तरी विचारलासा काय, येतासा काय म्हणून?"

"त्यात विचारायचं काय? घर त्यांचंच आहे."

"ते हाय वो. पर तुम्ही त्यानला घराचं इचारता. त्यांचं इचारत नाहीसा."

जयसिंगरावांनी पाचर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही स्वल्प जाड झाली बघ." गुंडूनं मान हलवली आणि ती पाचर तासायला घेतली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतला एक रविवार. रणजीत एकटाच आला, स्कूटरवरून, काखेत कागदाची सुरळी. हर्षिता का नाही, असं विचारायच्या आत त्यानं सुरळी टेबलावर उलगडली.

"अप्पा, होसूर रोडच्या आत एक बिल्डिंग होतेय. फ्लॅट बुक करायचा म्हणतोय. तुम्ही प्लॅन बघून सांगा."

काही क्षण जयसिंगरावांना कागदावरचं दिसेना. मग सवयीनं चष्मा वर गेला, बोट रेघेवरून फिरू लागलं. ड्रॉइंग कुणा घाईच्या माणसानं काढलेलं होतं. न्हाणीघराचं दार उघडलं की बेसिनवर आपटणार होतं, ते त्यांनी लगेच दाखवलं. स्वयंपाकघर बरं होतं. सगळ्या भिंती काँक्रीटच्या होत्या. यांतली एकही उद्या हलायची नाही, त्यांच्या मनात आलं, पण ते बोलले नाहीत. तीन खोल्या होत्या. एक नवरा-बायकोची, एक चंदनाची.

"आणि ही?" त्यांनी बाल्कनीजवळच्या खोलीवर बोट ठेवलं.

"ती तुमची," रणजीत म्हणाला. तो खुर्चीत पुढे सरकला. "अप्पा, तुम्ही आमच्याकडे यायचं. हर्षितानंच खोली निवडली ही. इथं एकटे कशाला राहता? मी विचारतोय तुम्हाला, येता का?"

किती सोपं वाक्य होतं. चार वर्षं जयसिंगरावांच्या घशाशी जे अडकलं होतं ते या पोरानं दोन शब्दांत बोलून टाकलं. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"खिडकी पश्चिमेला आहे रे. दुपारचं ऊन येईल."

"छज्जा वाढवून घेऊ. बिल्डर देतो."

"तिसरा मजला."

"लिफ्ट आहे अप्पा."

"नवरात्रात देवीचा दिवा नऊ दिवस तेवत ठेवावा लागतो. घर रिकामं सोडता येत नाही."

"देवी तिथं आणू ना. हर्षिताला काही प्रॉब्लेम नाही. कोनाडा करून घेतो मी भिंतीत."

"तुमच्याकडे येणारे-जाणारे... मला पहाटे उठायची सवय. तुमची झोपमोड होईल."

"खोलीला वेगळं दार काढता येतं, बाल्कनीतून. मी विचारलंय."

जयसिंगराव बोलायचे थांबले. समोर रणजीत उत्साहानं बसला होता, प्रत्येक अडचणीचं उत्तर तयार ठेवून. पुढची अडचण कोणती येते याची तो वाट पाहत होता, सुटेल याची खात्री बाळगून. हा चेहरा जयसिंगरावांना चांगला ओळखीचा होता. तो त्यांचा स्वतःचा होता. आणि आता आपण जे बोलत होतो ते कुणाचं बोलणं, तेही त्यांना कळलं. किचनमध्ये दोघांना उभं राहता येत नाही. कंप्युटरला जागा नाही. मागच्या खोलीत ओल असेल. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीमुळे पोरं दूर राहिली नव्हती.  चार वर्षांचा खटाटोप, ती उकरलेली जमीन, ती केरळची बाई, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं.

"राहू दे रणजीत," ते म्हणाले. "छज्जा नको वाढवूस. खोली चांगली आहे. खोलीत काही दोष नाही." मग त्यांनी उरलेलंही बोलून टाकलं. "मला यायचं नाही."

रणजीतचा चेहरा पडला. मग तो खाली कागदाकडे पाहत राहिला आणि हळूहळू त्याच्याही लक्षात आलं. वडील फक्त या फ्लॅटबद्दल नव्हे, गेल्या चार वर्षांबद्दलही बोलत होते.

"आम्हालाही, अप्पा," तो म्हणाला. "इकडे यायचं नव्हतं. घर चांगलंच होतं. पहिल्यापासून चांगलं होतं. आम्हाला आमचं आमचं राहायचं होतं, एवढंच."

"मग बोलला का नाहीस?"

रणजीत कागदाची कड दुमडत म्हणाला, "हर्षिता म्हणायची, एकदा सांगून टाक त्यांना. मीच म्हटलं, भिंती हलवतायत तोवर हलवू देत. आई गेल्यापासून तेवढंच करतात, त्यात त्यांचा जीव रमतो. म्हणून दर वेळी काहीतरी एक सांगायचो. घरून ठरवून निघायचो, या वेळी काय सांगायचं ते."

जयसिंगरावांनी चष्मा काढला. राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरानं फसवलं होतं, तेही मायेनं. त्याला बापाला दुखवता आलं नव्हतं आणि बापाला मुलाला विचारता आलं नव्हतं. मधल्या मध्ये गुंडूनं बावीस चौकटी इकडच्या तिकडे केल्या होत्या. त्यांना हसू आलं. त्यांनी उठून माठातलं पाणी प्यायलं आणि मुलालाही दिलं.

 मग रणजीतनं सुरळी गुंडाळली. पायरीवर बसून तो बूट घालू लागला. जयसिंगराव त्याच्या पाठीशी उभे होते. या घरात इतकी माणसं राहून गेली, त्यांतल्या एकालाही त्यांनी कधी राहा म्हणून म्हटलं नव्हतं. जागा करून दिली होती, बस्स. कृष्णाबाईंनाही कधी माझ्याजवळ बस म्हटलं नव्हतं, खिडकी काढून दिली होती. आता म्हणायचं तर हीच वेळ होती.

"रणजीत," ते म्हणाले, "आज राहतोस का? मला बरं वाटेल."

रणजीतनं बुटाची नाडी तशीच धरून वर पाहिलं. "उद्या सकाळी साडेसातला ऑफिसची बस..." त्यानं सुरुवात केली. मग ते कारण अर्ध्यावरच सोडून दिलं. वडिलांकडे नीट पाहिलं.

"नाही अप्पा," तो म्हणाला. "राहत नाही."

"सरी," जयसिंगराव म्हणाले.